पाठमोरी थोरली

थोरली परत आली तेव्हा धाकटीने पन्नाशी ओलांडली होती आणि थोरली फार तर पंचविशीची दिसत होती. यात थोरलीचा दोष नव्हता, धाकटीचाही नव्हता. पण गल्लीला तोंडात बोटं घालायला तेवढं पुरलं. पांढऱ्या केसांची, गुडघ्यांवर हात टेकत उठणारी बाई एका पोरसवदा मुलीला चारचौघांत ‘ताई’ म्हणून हाक मारायची. समोरच्या दुकानातली बटणवाली तर पहिले काही दिवस हसू दाबून दाबूनच दमली.

घर रंगाऱ्यांचं. पुढच्या मोठ्या खोलीत निळीची पिंपं, मागे तुरटीच्या पाण्याची कढई, आणि छतापासून लोंबणाऱ्या दोऱ्यांवर सदा काहीतरी ठिबकत असलेलं. या घरातल्या कुणाचेही हात पांढरे नसत. कोपरापर्यंत निळे हात घेऊन माणसं जेवत, भांडत आणि तशाच हातांनी पोरांचे गालगुच्चे घेत. गल्लीत कुठल्याही पोराच्या गालावर निळं बोट उठलेलं दिसलं की समजावं, रंगारीण इथून गेली.

ही रंगारीण म्हणजे दोघींची आई. थोरली आठ वर्षांची असताना आई तिला घेऊन ओढ्यावर कापड खळबळायला गेली होती. गल्ली संपते तिथे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे लव्हाळ्यांचं बन. आईने एक तागा पिळायला घेतला, ओझं जड म्हणून पाय रोवून पाठ वळवली, आणि तेवढ्यात एक सुटं कापड धारेला लागलं. थोरली त्याच्यामागे गेली. आई वळली तेव्हा कापडही नव्हतं आणि पोरगीही नव्हती.

पलीकडच्यांनी नेली, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पलीकडचे म्हणजे कोण हे मात्र कुणाला धड सांगता येत नसे. पऱ्या म्हणा, यक्ष म्हणा, त्यांना स्वतःला काही फरक पडत नाही. दिसायला आपल्यासारखेच, फक्त जरा जास्त उंच, जास्त देखणे आणि कधीच म्हातारे न होणारे. तिकडे वर्षंही सावकाश सरतात.

आईने त्यानंतर कुणाकडेही पाठ केली नाही. हे बोलायची गोष्ट म्हणून सांगत नाही. बापाने तिच्यासाठी सगळी पिंपं हलवून भिंतीकडची दाराकडे आणली, म्हणजे काम करताना तिचं तोंड दाराकडे राहील. झोपायचीही दाराकडे तोंड करून. धाकटीला तर तिने असं डोळ्यांत तेल घालून वाढवलं की पोरीला धड लपाछपीही खेळता आली नाही.

आता पलीकडचं सांगायला हवं. त्यांनी थोरलीचा छळ केला असता तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. पण त्यांनी तिला लाडाकोडात ठेवलं. जी बाई तिला सांभाळायची तिला थोरली ‘उंचाडी’ म्हणायची, कारण ती उभी राहिली की तिचे केस झाडाच्या फांदीत अडकत. उंचाडीने तिला पोहायला शिकवलं, पाखरांच्या बोलण्यातला राग आणि लोभ ओळखायला शिकवलं, आणि रडायला लागली की रडण्याचंच काहीतरी हसू करून टाकलं. पलीकडच्यांना दुःख म्हणजे काय ते कळतच नाही. त्यांना ते गुदगुल्यांसारखं काहीतरी वाटतं. आठ वर्षांच्या पोरीने त्यांच्यात राहून दुसरं काय शिकायचं? ती घर विसरली नाही, पण घराची आठवण दुखायची थांबली.

पलीकडे कुणी मरत नाही. पण थकतं. अंगावरचं तेज मंदावतं, हातांना सुरकुत्या पडतात, बोलणं अडखळतं. मग ते माणूस गवतात आडवं होतं आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती कडं करून पाठमोरे बसतात. कुणी बघायचं नाही, रडायचं नाही, काळजीचं बोलायचं नाही. आपल्या साध्या गप्पा मारत राहायच्या, पाण्याला आज कसला रंग आहे, कुठलं पाखरू कुणाशी भांडतंय. आपल्याकडे कुणी बघत नाहीये म्हटल्यावर थकलेलं माणूस आपलं आपण सावरतं, आणि थोड्या वेळाने मागून त्याचं हसू ऐकू येतं. पण एक जरी नजर पडली तर थकवा आहे तिथेच बसतो. म्हणून पलीकडे पाठमोरं बसण्याइतकी दुसरी माया नाही.

एकदा उंचाडी थकली. थोरली कड्यात बसली होती, पण तिला राहवलं नाही. उंचाडी उठलीच नाही तर आपलं कोण, या भीतीने तिने मान वळवली. क्षणभरच, आणि उंचाडीचा डावा हात तेवढा दिसला. उंचाडी उठली, हसली, पुन्हा पहिल्यासारखी झाली. तो डावा हात मात्र म्हाताराच राहिला. ती रागावली नाही. त्याच हाताने रोज थोरलीला थोपटून झोपवायची, आणि त्या हाताखाली थोरलीचा जीव अर्धा व्हायचा.

परत येणं तर इतकं सोपं निघालं की सांगायलाही लाज वाटावी. एक दिवस पाण्यातून निळ्या कापडाची एक चिंधी वाहत आली. थोरलीने ती उचलून नाकाला लावली, आणि पिंपाचा तो आंबूस वास नाकात शिरल्याबरोबर ती धावत सुटली. ती उंचाडीला म्हणाली, “मला घरी जायचंय.”

“जा की,” उंचाडी म्हणाली.

“म्हणजे जाता येतं? इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कुठे?” उंचाडीने हसत तिचे केस सारखे केले आणि ओढ्यापर्यंत सोडायलाही आली.

थोरली गल्लीत आली तेव्हा दारात एक म्हातारी होत चाललेली बाई दांड्याने पिंप ढवळत होती. थोरलीने विचारलं, “आजी, रंगारीण इथेच राहते ना?”

धाकटीच्या हातातला दांडा पिंपात पडला. ती स्वतः चार वर्षांची असताना गेलेली बहीण तिला चेहऱ्याने आठवतही नव्हती. पण आईने आयुष्यभर रोज वर्णन करून करून तो चेहरा तिला तोंडपाठ करून ठेवला होता. डाव्या भुवईतली खाच, हनुवटीवरचा तीळ. ती आत वळून ओरडली, “आई! आई, ताई आलीय!”

आई आतल्या खोलीत, गल्लीकडच्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. छातीने गेल्या वर्षापासून दगा दिला होता, काम सुटलं होतं. तिने थोरलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ही कोण, कशी, इतकी तरुण कशी, यातलं काही तिने विचारलं नाही.

“आणि कापड?” ती म्हणाली. “त्याच्यामागे गेली होतीस ना, ते कुठंय?”

मग तिला रडू फुटलं, आणि धाकटीलाही. थोरली तेवढी दोघींकडे बघत उभी राहिली. रडायचं कसं, तेच ती विसरली होती.

पुढचे दिवस आईने तिच्यावरची नजर काढली नाही. थोरली जेवताना, केस विंचरताना, पुढच्या खोलीत धाकटीकडून काम शिकताना, उघड्या दारातून आईचे डोळे तिच्यावर. निळीतून कापड काढलं की ते आधी हिरवट दिसतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. थोरलीला त्याचं इतकं नवल वाटायचं की ती तेच तेच कापड बुडवून काढायची. धाकटी करवादायची, “ताई, शाळेच्या गणवेशाचं कापड आहे ते, त्याची रात्र करून ठेवू नकोस!” आई खाटेवरून हसायची. कुणी एवढं टक लावून बघितलं की थोरलीला उंचाडीचा डावा हात आठवायचा.

आई एकदा तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “मला आता दुसरं काही नको बघ. जाताना डोळ्यांपुढे तू हवीस, बस. गेलीस तेव्हा मी तुला बघितलं नाही. मी जाईन तेव्हा तरी बघू दे.”

“तू कुठे जात नाहीस,” थोरली म्हणाली. तिने हे समजूत काढायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

बाप कसा गेला ते तिने धाकटीकडून ऐकलं. दोघी कापड पिळत होत्या, एक टोक हिच्याकडे, एक तिच्याकडे. “शेवटचे दोन दिवस सगळी गल्ली घरात होती,” धाकटी म्हणाली. “कुणी क्षणभर हललं नाही त्यांच्या उशापासून. आई तर पापणी लवू देत नव्हती.”

थोरलीच्या हातातलं टोक सुटलं. एवढ्या सगळ्यांनी मिळून बघितलं! मग बिचारा बाबा उठणार कसा? तिला ओरडावंसं वाटलं, पण धाकटीचा चेहरा बघून तिने टोक पुन्हा उचललं. यांना माहीतच नव्हतं, यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जे झालं ते झालं. आईचं मात्र तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

थंडी सुरू झाली आणि आईला पहिला मोठा झटका आला. श्वास घेववेना, ओठ काळेनिळे पडले. धाकटी तिला धरून पाठ चोळायला लागली. आणि थोरली उठली, खोलीच्या मध्यावर गेली, आईकडे पाठ करून खाली बसली आणि बोलायला लागली. आज खिडकीवर चिमणी आलीय. पिंपावर फेस छान धरलाय. धाकटी अवाक झाली. पण झटका ओसरला. आईने श्वास घेतला, पाणी मागितलं, आणि थोरली वळली तेव्हा तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

धाकटीने तिला कढईपाशी गाठलं.

“आई तिकडे तडफडतेय आणि तू तोंड फिरवून चिमण्या मोजतेस?”

थोरलीने मग सगळं सांगितलं. कडं, गवत, उंचाडीचा हात. धाकटी ऐकत राहिली. राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी काय आलं ते तिलाही कळेना.

“ताई,” ती शेवटी म्हणाली, “ते पलीकडचे आहेत. आपण माणसं आहोत गं. माणसं अशी बरी होत नाहीत.”

“मग आत्ता ती उठली कशी?”

“नुसती उबळ होती ती. ओसरली.”

“तू कधी करून बघितलंयस?”

धाकटीने निळे हात पदराला पुसले. “ते काही नाही. पुढच्या वेळी तू तिच्याकडे बघायचंस. तिने एकच गोष्ट मागितलीय तुझ्याकडे. कबूल कर.”

थोरली कढईखालचा जाळ सारू लागली. खोटं बोलायला ती पलीकडे शिकली नव्हती आणि खरं बोलून धाकटीला दुखवायचं तिच्या जिवावर आलं. आईने जे मागितलं होतं ते दिलं तर आई जाईल आणि नाही दिलं तर आई राहील, असा तिच्यापुरता सरळ हिशेब होता. रुसलेली आई चालेल, पण आई हवी.

दुसरा झटका दुपारी आला. धाकटी बाहेर गल्लीतल्या दोरीवर कापड घालत होती, ते तसंच टाकून आत धावली. आईला उशांवर बसतं केलं आणि थोरलीचा दंड धरून म्हणाली, “मी वैद्यांना आणते. तू इथे, समोर बस. समोर.” आणि चपला न घालताच पळाली.

खोलीत दोघीच उरल्या. आईचा श्वास करवतीसारखा चालला होता.

“ये,” आई म्हणाली. “अशी पुढे ये.”

थोरलीची नजर चुकून एकदा तिच्याकडे गेलीच. चेहऱ्यावरचं तेज मंदावलेलं, ओठ सुकलेले, बोलणं अडखळणारं. सगळं अगदी पलीकडच्यासारखंच. तिने डोळे मिटले, वळली आणि खाटेच्या कडेला आईकडे पाठ करून बसली.

“बटणवालीने आज दुकान उशिरा उघडलंय,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “आता ती बरण्या पुसतेय. लाल बटणांची बरणी पुसली. आता पांढऱ्यांची.”

“इकडे बघ ना गं.”

“एक माणूस आलाय. कोटाला बटण नाहीये त्याच्या. ती सगळी बरणी उपडी करतेय त्याच्यापुढे, आणि त्याला एकही पसंत पडत नाही.”

आईचा हात तिच्या पाठीवर आला. चाचपडत खांद्यापर्यंत चढला. बोटांनी खांदा धरला आणि आपल्याकडे ओढला. ओढ कसली, पान पडावं एवढा भार. पण थोरलीला तो कळला. हाताला जोर आला! आत्तापर्यंत पाण्याची वाटी धरवत नव्हती, आणि आता ओढतेय! आता हलायचं नाही, वळायचं नाही, थोडाच वेळ.

“पोरी,” आई म्हणाली. “तोंड... दाखव.”

“दाखवते,” थोरली म्हणाली. “तू उठलीस की दाखवते. मग हवं तेवढं बघ. आता गल्लीत ऊन आलंय, आई. आपलं कापड वाळतंय. हिरवं होतं ते निळं झालं बघ सगळं.”

हात खांद्यावरून घसरला आणि चादरीवर पडला. करवत थांबली. खोली एकदम शांत झाली, आणि थोरलीला वाटलं, लागली झोप. ती हसली आणि तशीच बोलत राहिली. बटणवाली, कोटवाला, उंबऱ्यावर पहुडलेलं मांजर. मागून हसू ऐकू येण्याची ती वाट बघत होती.

त्याऐवजी दार वाजलं. वैद्य आत आले, आईपाशी वाकले, मनगट धरलं, पापणी बघितली आणि मागे सरले. धाकटीने हंबरडा फोडला.

“हळू!” थोरली न वळताच म्हणाली. “बघू नका तिच्याकडे. झोप लागलीय. धाकटे, त्यांना बाहेर ने. नका ना बघू!”

“ताई, आई गेली.”

“तू बघितलंस म्हणून म्हणतेस.”

धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. एवढं कडू ती आयुष्यात कुणाला बोलली नव्हती. “तिने शेवटचं काय बघितलं असेल ठाऊक आहे? पाठ. तुझी पाठ. जन्मभर त्या एका पाठ वळवण्याला रडली ती, डोळ्यांत प्राण आणून तुझी वाट बघितली, आणि तू आलीस ते हे दाखवायला?”

थोरली जागची हलली नाही.

मग माणसं आली. रीतच आहे तशी. बटणवाली आली, शेजारपाजार आला, गल्लीतली सगळी दारं उघडी पडली. जो येईल त्याला थोरली विनवत होती, पाया पडते, बघू नका, आणि जो तो बघत होता. कुणी कुजबुजलं, डोकं फिरलंय पोरीचं. कुणी म्हणालं, पलीकडची झाली ती, तिला कसली आलीय माया. बटणवालीने आईचे डोळे मिटायला हात पुढे केला तर धाकटीने तो अडवला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “ताईने बघितल्याशिवाय नाही मिटायचे.”

दिवेलागणीला माणसं पांगली, उरलेली पुढच्या खोलीत पिंपांपाशी बसली. धाकटी आत आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता आणि डोळे पुसताना निळा रंग गालभर लागला होता. ती बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकत टेकत थोरलीशेजारी येऊन बसली. आईकडे पाठ करून.

थोरलीने चमकून तिच्याकडे बघितलं.

“काय बोलायचं असतं?” धाकटीने विचारलं.

“काहीही. जे दिसतं ते.”

धाकटीने खिडकीबाहेर बघितलं. “बटणवालीने दुकान बंद केलंय,” ती म्हणाली. “दोरीवरचं कापड काढायचं राहिलंय. दवाने ओलं होईल.” ती बोलत राहिली. “मांजर आपल्या पायरीवर आलंय. आई त्याला दूध घालायची.”

दोघी बसल्या. एक म्हातारी धाकटी आणि एक तरणी थोरली. मागे काही हललं नाही. धाकटीला हलणार नाही हे ठाऊक होतं आणि तरी ती कान देऊन बसली होती. कधी नाही ते तिलाही वाटलं, काय सांगावं, ऐकू आलंच तर. गल्लीतला शेवटचा उजेड गेला. कुणीतरी पुढच्या खोलीतून दिवा आणून ठेवला आणि गेलं.

“ताई,” धाकटी म्हणाली, “नाही उठत गं ती.”

“अजून थोडं.”

“माणसं नाही उठत. तुला कुणी सांगितलंच नाही, तू गेलीस तेव्हा एवढीशी होतीस. आम्ही बघतो ते काही उपाय चालत नाही म्हणूनच बघतो. दुसरं काही करताच येत नाही, म्हणून बघत बसतो.”

थोरली अगदी लहान आवाजात, आठ वर्षांच्या आवाजात म्हणाली, “मी बघितलं, तर ती खरंच जाईल.”

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. ती अनेकदा बोलायची. रंगाऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं.

“हो,” ती म्हणाली. “पण तिला तुझं तोंड बघायचं होतं.”

थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला. आधी मान वळली, मग खांदे, मग ती सगळीच वळली. आई उशांवर तशीच होती, थोडी पुढे झुकलेली. हात चादरीवर उताणा पडलेला. डोळे उघडे होते आणि नेमके तिथे लागले होते जिथे इतका वेळ थोरलीची पाठ होती आणि आता तिचा चेहरा होता.

थोरली वाकून अगदी त्या नजरेसमोर आली. हनुवटी वर केली, केस मागे सारले, म्हणजे सगळं नीट दिसावं. आणि मग तिला रडू आलं. पलीकडे इतकी वर्षं विसरलेलं सगळं एकदम.

गल्लीच्या लेखी रंगारीण दुपारीच गेली होती. थोरलीची आई आत्ता गेली.